घरी बडबड, शाळेत गप्प

"भाषेचा प्रश्न आहे हो, गुजराती यायला लागली की बोलेल." बडोद्यातल्या मराठी घरांत हे वाक्य हमखास ऐकू येतं. घरात मराठी, सोसायटीत गुजराती, टीव्हीवर हिंदी, शाळेत इंग्रजी अशा वातावरणात वाढणारं मूल बालवाडीत सुरुवातीला गप्प राहतं, यात वावगं काही नाही. कानावर पडलेली भाषा जिभेवर यायला काही महिने लागतातच. पण काही मुलांचं सीनियर केजी संपतं, पहिली सुरू होते, तरी वर्गात तोंडातून शब्द फुटत नाही. तेच मूल घरी पोचल्यावर बूट काढायच्या आधीच बोलायला लागतं, प्रार्थना अख्खी म्हणून दाखवतं, बाई कशा रागावल्या त्याची नक्कल करतं. त्याला भाषा येत असते. अडवते ती भीती. डॉक्टर याला सिलेक्टिव्ह म्यूटिझम म्हणतात. लहान मुलांच्या चिंताविकारांपैकी हा एक आहे आणि तो लाजाळूपणात किंवा भाषेच्या सबबीत सहज झाकला जातो.

ओळखायची एक साधी खूण आहे. केवळ नवी भाषा अडलेलं मूल मराठी बोलणाऱ्या बाई भेटल्या की खुलतं. भीतीनं गप्प झालेलं मूल मराठी बाईंसमोरही गप्प असतं आणि गणपतीला घरी आलेल्या सख्ख्या आत्यासमोरही. चेहरा दगडासारखा होतो, मान हलवणंही बंद होतं. बाथरूमला जायचंय हे सांगता येत नाही म्हणून काही मुलं शाळेत पाणी पीत नाहीत. निदानासाठी असा किमान एक महिना जावा लागतो, तोही शाळेचा पहिला महिना सोडून. नवी भाषा असेल तर तज्ज्ञ आणखी थोडं थांबतात. माझं मत विचाराल तर जूनमध्ये शाळेत गेलेल्या मुलासाठी दिवाळीच्या सुट्टीपर्यंत थांबावं, त्यापुढे नाही.

दोन भाषांचा संबंध मात्र अगदीच नाही असं नाही. जेरुसलेममध्ये झालेल्या आणि 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत बालवाडीच्या मुलांत हा विकार सुमारे 0.76 टक्के होता, तर बाहेरून येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांत 2.2 टक्के. स्वभावानं आधीच भित्र्या असलेल्या मुलाला परकी भाषा ही घाबरायची आणखी एक जागा मिळते. म्हणून घरातली मराठी बंद करून मुलाशी इंग्रजीत बोलायला लागणं हा उपाय नव्हे. जिथे ते मोकळेपणानं बोलतं, ती एकमेव जागाही त्यानं हातची जाते.

जर्मन वैद्य आडोल्फ कुसमाउल यांनी 1877 साली अशा रुग्णांचं वर्णन केलं, तेव्हा हे गप्प बसणं मुद्दाम केलेलं आहे असाच समज होता. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या निदानपुस्तिकेत हा विकार चिंताविकारांत आला तो थेट 2013 साली. मधल्या काळात किती मुलं हट्टी, घुमी, आतल्या गाठीची ठरली असतील!

भीती टिकते कशी, ते फरसाणाच्या दुकानात दिसतं. काउंटरवरचे काका प्रेमानं विचारतात, "बोल बेटा, शुं जोईए?" मुलीच्या मेंदूतला अमिग्डाला हा धोक्याची सूचना देणारा भाग चेततो, अंग आखडतं, ती आईच्या ओढणीचं टोक मुठीत धरते. दोन सेकंद जातात. मागे रांग असते. आई म्हणते, "लीलो चेवडो, पाव किलो." मुलीची मूठ सैल होते, आईलाही सुटल्यासारखं वाटतं. या सुटकेतच खरी मेख आहे. गप्प राहिलं की भीती जाते, हे मेंदू शिकतो आणि पुढच्या वेळी जास्त लवकर गप्प बसतो. आईनं जे केलं ते मायेपोटी केलं. आईबापांच्या वागण्यामुळे किंवा एखाद्या धक्क्यामुळेच हे होतं, असं बहुतेक मुलांच्या बाबतीत दिसत नाही.

आता उपचार. बेआटे ओर्बेक यांच्या नॉर्वेतल्या गटानं यावर बारकाईनं काम केलंय आणि त्यांची पद्धत आपल्या कुठल्याही शाळेत जमण्यासारखी आहे. बाईंनी मुलासमोर न बसता शेजारी बसायचं. चित्र काढायचं, ठोकळे रचायचे, आणि प्रश्न न विचारता आपणच बोलत राहायचं: "मी आता छपराला लाल रंग देते, खिडकी कुठे बरं काढावी..." उत्तर आलं नाही तरी बोलणं चालू ठेवायचं. आलं तर टाळ्या पिटायच्या नाहीत, जणू रोजचंच आहे अशा थाटात पुढे जायचं. दुसरीकडे पायऱ्या ठरवायच्या. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात आई आणि मूल सापशिडी खेळतात, आकडे मोठ्यानं मोजतात. बाई आधी दाराबाहेर, मग दारात, मग कोपऱ्यातल्या खुर्चीवर, मग पटाशी. घरी म्हटलेली कविता व्हॉइस मेसेजनं बाईंना पाठवणं, ही सुद्धा एक पायरीच. या गटानं उपचार केलेल्या 30 मुलांची पाच वर्षांनी पाहणी केली, तेव्हा 21 मुलं पूर्ण बरी झालेली होती. लहान वयात सुरुवात झालेल्यांना जास्त फायदा झाला.

यात घरच्यांचा वाटा मोठा. दुकानात लगेच उत्तर देऊन टाकू नका, मनात पाच आकडे मोजा. मग "चेवडा की शेव?" असा सोपा पर्याय द्या. बोट दाखवलं तरी त्या दिवशी पुष्कळ झालं. पाहुण्यांसमोर "मूग गिळून बसलीस का, म्हणून दाखव ना" हे मात्र कायमचं बंद.

एवढ्यानं भागलं नाही तर औषधांचा विचार होतो. इतर चिंताविकार असलेल्या, 7 ते 17 वयाच्या 488 मुलांवर अमेरिकेत झालेला अभ्यास 2008 साली प्रसिद्ध झाला. विचार आणि वागणूक बदलायला शिकवणाऱ्या सीबीटी या उपचारानं सुमारे 60 टक्के, सरट्रालिन या औषधानं 55 टक्के, दोन्ही मिळून 81 टक्के आणि नुसत्या खोट्या गोळीनं 24 टक्के मुलांत चांगली सुधारणा दिसली. सिलेक्टिव्ह म्यूटिझमसाठी औषधांचे अभ्यास छोटे आहेत. औषध दिलं तर सुरुवातीचे आठवडे मुलाच्या मूडवर, विशेषतः जिवाचं बरंवाईट करण्याच्या विचारांवर, डॉक्टरांची नजर हवीच. आधी कान आणि वाचा तपासून घ्यावी. सयाजी हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभाग आहे, कारेलीबागेत सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालय आहे, आणि कुठे जावं हे कळत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर चोवीस तास चालू असतो.

वर्षभर मेहनत घेऊन मूल बाईंशी बोलायला लागतं आणि जूनमध्ये वर्ग बदलतो, बाई बदलतात. इथे घसरण होणार हे धरूनच चाला. सुट्टी संपायच्या आत शाळेची परवानगी काढून नव्या वर्गात एक-दोनदा जाऊन या. जुन्या बाईंनी नव्या बाईंना पायऱ्यांची वही द्यावी आणि पहिल्या दिवशी हजेरीला "येस टीचर"च्या जागी हात वर केला तरी चालेल, हे आधीच ठरवून ठेवावं.