बालविभाग (सार्वजनिक वाचनालयातील)

सार्वजनिक वाचनालयात मुलांसाठी राखलेली जागा, तिथली पुस्तके आणि त्यांच्याभोवती चालणारे उपक्रम यांना मिळून बालविभाग म्हणतात. शहरातल्या मोठ्या वाचनालयात त्याला स्वतंत्र खोली मिळते. गावात मात्र बहुधा एक कपाट आणि त्यासमोर अंथरलेली सतरंजी, एवढाच त्याचा पसारा असतो.

महाराष्ट्रातली वाचनालये जुनी आहेत. रत्नागिरीचे १८२८ मधले, पुण्याचे १८४८ मधले. पण ती उभी राहिली शिकलेल्या प्रौढांसाठी, आणि मुलांचा विचार फार उशिरा झाला. याबाबत बडोदे संस्थान पुढे होते. सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. शाळा सुटल्यावर वाचायला काहीच मिळाले नाही तर शिकलेली अक्षरे पुसली जातील, हे ओळखून १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावले. त्यातून मध्यवर्ती ग्रंथालय, मुलांसाठी वेगळी सोय आणि गावोगाव फिरणाऱ्या पुस्तकांच्या पेट्या अशी व्यवस्था उभी राहिली. आज ‘पुस्तकपेटी’ म्हणून शाळांत फिरवली जाते ती याच जातीची.

बालविभाग आणि शाळा यांतला फरक पुस्तकांत कमी, वागणुकीत जास्त असतो. शाळेत धडा संपला की खाली प्रश्न असतात. वाचनालयात गोष्ट संपली की संपली. आवडली तर पुन्हा पहिल्या पानापासून. एकच चित्रपुस्तक मूल सलग चार आठवडे घरी नेते, तेव्हा पालक कंटाळतात. मूल मात्र त्या काळात पुढचे वाक्य ओळखू लागते, ऐकून पाठ झालेले शब्द छापील अक्षरांशी जुळवू लागते. इयत्तेचेही बंधन नसते. सातवीतला अडखळणारा वाचक दुसरीच्या मुलासाठी असलेले पुस्तक उघडून बसला तरी त्याला कुणी हटकत नाही. धाकट्या भावंडाला वाचून दाखवायचे, हे निमित्त त्याला पुरते.

‘गोष्टींचा तास’ हा इथला सर्वांत जुना आणि स्वस्त उपक्रम. पुस्तक मुलांकडे वळवून धरायचे, चित्र दिसू द्यायचे आणि सावकाश वाचायचे. पुस्तकातली भाषा बोलण्यातल्या भाषेहून वेगळी असते. तिची वाक्ये लांब, शब्द अनोळखी. ती आधी कानावर पडली की वाचताना परकी वाटत नाही. घरी वारली, भिली किंवा माडिया बोलणाऱ्या मुलांच्या बाबतीत तर ही पायरी गाळताच येत नाही. त्यांच्यासाठी प्रमाण मराठी ही वाचनाबरोबरच शिकायची दुसरी भाषा असते, आणि पाठ्यपुस्तक तेवढी उसंत देत नाही.

संग्रहात चित्रपुस्तके, लोककथा, विज्ञानावरची माहितीपुस्तके आणि मासिके असतात. बालभारतीचे ‘किशोर’ (१९७१ पासून) जवळपास सगळीकडे सापडते. जाड पुठ्ठ्याच्या चरित्रमालांचा भरणा मात्र अनेक ठिकाणी वाजवीपेक्षा जास्त दिसतो. त्या मोठ्यांनी मोठ्यांच्या समाधानासाठी घेतलेल्या असतात आणि वर्षानुवर्षे कोऱ्या राहतात.

राज्यातल्या मान्यताप्राप्त वाचनालयांचा कारभार १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये कायद्याखाली चालतो. त्यांना अ, ब, क, ड असे वर्ग असून अनुदान त्यानुसार ठरते. कोलकात्याचे राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान (१९७२) बालकक्षासाठीही साहाय्य देते. सातारा जिल्ह्यातल्या भिलारमध्ये २०१७ पासून घराघरांत पुस्तके ठेवली आहेत. तिथे विषयवार घरे आहेत आणि त्यांत बालसाहित्यालाही जागा आहे. ते पर्यटकांसाठी जास्त, असा आक्षेप घेता येईल. पण चप्पल काढून कुणाच्याही ओसरीवर बसावे आणि हवे ते पुस्तक हातात घ्यावे, ही रीत बालविभागांनी उचलण्याजोगी आहे.

कारण खरी अडचण कुलपाची आहे. पुस्तक हरवले तर दाखल नोंदवहीचा, म्हणजे वाचनालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद असलेल्या वहीचा, हिशेब ग्रंथपालाला द्यावा लागतो. मानधन तुटपुंजे, जबाबदारी पुरी. मग कपाट बंद राहते आणि मूल काचेतून पुस्तकांच्या पाठी पाहते. वाचता न येणाऱ्या मुलाने पाठीवरचे नाव पाहून पुस्तक मागावे, अशी ही उलटी अपेक्षा. मुखपृष्ठ समोर दिसेल असे ठेवलेले, मुलाच्या हाताला पोचणारे खुले फडताळ, म्हणजे मुक्तद्वार पद्धत, हा त्यावरचा उपाय. ‘पुस्तके उपयोगासाठी आहेत’ हे ग्रंथालयशास्त्रज्ञ शि. रा. रंगनाथन यांच्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांतले पहिले सूत्र १९३१ सालचे आहे. ज्या वाचनालयांनी ते बालविभागाला लावले, त्यांनी काही साध्या सवयी लावून घेतल्या आहेत: फाटलेल्या पानांसाठी डिंक आणि पट्टी टेबलावरच ठेवायची, दुरुस्ती मुलांकडूनच करवून घ्यायची, उशिराचा दंड पैशांत घ्यायचा नाही आणि दरवर्षी काही पुस्तके जीर्ण म्हणून बाद होणार हे धरूनच खरेदीची यादी करायची.