घरचा मेनबोर्ड बदलताना अर्ज कधी लागतो आणि कागद कुठले लागतात

बेळगावातल्या आमच्या वडगावच्या घरात तीन वर्षांपूर्वीपर्यंत मीटरखाली सागवानी फळीच होती. तिच्यावर चिनी मातीची दोन किटकॅट (तार भरायचे फ्यूज), एक लोखंडी मेन स्विच आणि शेजारी खिळ्याला अडकवलेलं फ्यूज वायरचं भेंडोळं. किटकॅट उडालं की बाबा तार भरायचे, घाईत असले की एकाच्या जागी दोन पदर. एका पावसाळ्यात गिझर आणि इस्त्री एकदम चालू असताना फळीमागून जळक्या रबराचा वास आला. फ्यूज शाबूत होती. फळीमागची वायर मात्र काळी पडून बोटाने मोडेल इतकी ठिसूळ झाली होती.

बोर्ड बदलायचं ठरलं आणि शेजारच्या काकांनी विचारलं, "केईबीत अर्ज दिलास काय?" केईबी, म्हणजे जुनं कर्नाटक वीज मंडळ, जाऊन जमाना झाला. १९९९ साली त्याच्या जागी केपीटीसीएल ही सरकारी कंपनी आली आणि २००२ पासून बेळगावसह सात जिल्ह्यांची वीज हुबळीच्या हेस्कॉम या वितरण कंपनीकडे आहे. पण आपल्या तोंडात अजून केईबीच. काकांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र सरळ आहे: काम मीटरच्या सीलच्या कुठल्या बाजूला आहे आणि घराचा भार वाढतोय का, यावर सगळं ठरतं.

सीलच्या अलीकडे, सीलच्या पलीकडे

खांबावरून येणारी सर्व्हिस वायर, मीटरच्या आधीचा कटआउट (कंपनीचा फ्यूज), मीटर आणि त्यावरची सील हे सगळं कंपनीच्या अखत्यारीत. मीटरमधून बाहेर पडणाऱ्या वायरीपासून पुढचं, म्हणजे मेन स्विच, डीबी (स्विचांची पेटी), एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा, म्हणजे बंद होणारा स्विच), आरसीसीबी (वीज गळली की पडणारा स्विच), घरभरचं वायरिंग आणि अर्थिंग, हे तुमचं. त्याच्या दुरुस्तीचा खर्च तुमचा आणि जबाबदारीही तुमची.

जुनी फळी काढून त्याच जागी, तेवढ्याच भारासाठी नवी डीबी बसवायची असेल, एखादा बिघडलेला एमसीबी बदलायचा असेल, आरसीसीबी नव्याने घालायचा असेल, तर मंजुरीचा अर्ज लागत नाही. अडचण एकच येते. मेन स्विच सोडवायचा तर त्याच्या मागची वीज बंद हवी, आणि ती बंद होते कटआउटवरून किंवा खांबावरून. तिथे हात लावायचा तो लाइनमननेच. आपल्या भागाच्या सेक्शन ऑफिसात सांगा किंवा १९१२ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून नंबर घ्या. इलेक्ट्रिशियन म्हणेल, "काय होत नाही हो, दोन मिनिटांचं काम." त्याला करू देऊ नका. सील तुटलेली सापडली की वीज कायदा २००३ च्या कलम १३५ खाली, म्हणजे चोरीच्या संशयाखाली, जाब तुम्हाला द्यावा लागतो. इलेक्ट्रिशियन तोवर दुसऱ्या गल्लीत पोचलेला असतो.

अर्ज लागतो तो पुढच्या कामांना: मंजूर भार (कंपनीने मान्य केलेले, बिलावर लिहिलेले किलोवॅट) वाढवणे, सिंगल फेजचं थ्री फेज करणे, मीटर एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर किंवा आतून बाहेर नेणे, आणि नावात बदल. घराच्या पुढच्या खोलीत दुकान काढलंय किंवा मागे माग बसवलाय, तर त्याला वेगळ्या दराचं वेगळं कनेक्शन घ्या. शहापूर-वडगावात घर आणि माग एकाच छपराखाली असणं नवं नाही. पण घरगुती मीटरवर धंदा चालवला तर कलम १२६ लागू होतं आणि आकारणी त्या दराच्या दुपटीने होते. कधीपासून चाललंय हे ठरवता आलं नाही तर मागचे १२ महिने धरले जातात.

आधी बिलावरचा आकडा बघा

बरीच जुनी कनेक्शनं एक-दोन किलोवॅटवर मंजूर आहेत. त्या काळी घरात चार बल्ब, दोन पंखे आणि एक रेडिओ असायचा. आता एक साधा हिशेब करा. गिझर २,००० वॅट, इंडक्शन शेगडी २,०००, इस्त्री १,०००, मिक्सर ५००, बोअरची एक एचपी मोटर ७४६. सगळं एकदम चालत नाही हे खरं, पण सकाळी सात वाजता पाण्याच्या पाळीच्या दिवशी गिझर, मोटर आणि मिक्सर एकत्र चालतातच. तिथेच सव्वातीन किलोवॅट झाले, म्हणजे २३० व्होल्टला १४ अँपिअर. मंजूर भार एक किलोवॅट असेल तर नुसती डीबी बदलून उपयोग नाही, भारवाढीचा अर्जही सोबतच द्या. स्थिर आकार किलोवॅटमागे लागतो, म्हणून उगाच पाचाचा आकडा टाकू नका.

आता बिल कन्नडमध्ये असतं आणि फॉर्मही. पण घाबरायचं कारण नाही, निम्मे शब्द आपलेच आहेत. दिनांक म्हणजे दिनांक, सही म्हणजे सही, ठेवणी म्हणजे ठेव, मंजूराद म्हणजे मंजूर झालेलं. उरले चारच: हेसरु म्हणजे नाव, विळास म्हणजे पत्ता, मापक म्हणजे मीटर, निगदित शुल्क म्हणजे स्थिर आकार. एवढे ओळखता आले की इलेक्ट्रिशियनने भरलेल्या फॉर्मवर डोळे मिटून सही करायची वेळ येत नाही. माझ्या फॉर्मवर त्याने दोनाच्या जागी चार किलोवॅट लिहिले होते. "पुढं एसी घेणार की तुम्ही," म्हणाला. एसी अजून घेतलेला नाही.

अर्ज कुणी करायचा

बिलावर ज्याचं नाव, त्यानेच. भाडेकरू असाल तर मालकाचं ना हरकत पत्र लागतं.

खरी गाडी अडते ती वारलेल्या माणसाच्या नावावर. सीमाभागातल्या कितीतरी घरांत बिल आजही आजोबांच्या नावावर येतं, आणि आजोबांना जाऊन वीस वर्षं झालेली असतात. बिल भरलं जातंय तोवर कुणी विचारत नाही. भार वाढवायला गेलात की पहिला प्रश्न तोच, म्हणून नावबदल आधी करून घ्या. त्यासाठी मृत्यूचा दाखला, वंशावळ (नाडकचेरीत, म्हणजे महसूल कार्यालयात, 'वंशवृक्ष' म्हणून मागायची), बाकीच्या वारसांची संमती आणि स्टँप पेपरवर हमीपत्र. वारसांपैकी एखादा पुण्याला, एखादी बहीण कोल्हापूरला, हे आपल्याकडे ठरलेलंच. गणपतीला सगळे गावी येतात तेव्हाच सह्या उरकून घेणं शहाणपणाचं.

कागदपत्रं

मुख्य कागद दोन: ओळखीचा पुरावा आणि मालकीचा किंवा ताब्याचा पुरावा. ओळखीला आधार चालतं. मालकीला गावात ग्रामपंचायतीचा ई-स्वत्तू उतारा, शहरात महापालिकेचा खाते उतारा किंवा सिटी सर्व्हेचा सीटीएस उतारा. उताऱ्यावरचं नाव आणि बिलावरचं नाव अक्षराला अक्षर जुळतंय का ते घरीच बघा. मराठीतलं आडनाव कन्नडमध्ये आणि तिथून इंग्रजीत जाताना काय रूप घेईल सांगता येत नाही. आमच्याच घरात एका आडनावाची तीन स्पेलिंगं आहेत.

शिवाय सगळी थकबाकी भरलेली शेवटच्या बिलाची प्रत, त्यावरचा आरआर नंबर (कनेक्शनचा नोंदणी क्रमांक) आणि अकाउंट आयडी, आणि परवानाधारक इलेक्ट्रिकल कंत्राटदाराचा काम पूर्ण झाल्याचा अहवाल वायरिंगच्या आराखड्यासकट. हा शेवटचा कागद सगळ्यात महत्त्वाचा. परवाना राज्याच्या विद्युत निरीक्षणालयाचा असतो. त्यावरचा नंबर आणि मुदत स्वतः बघा. गल्लीतला पोरगा काम उत्तम करत असेलही, पण त्याच्याकडे परवाना नसेल तर अहवालावर सही दुसऱ्याची येते, आणि त्या दुसऱ्याने तुमचं घर बघितलेलंच नसतं. सही करणाऱ्याला एकदा तरी घरी बोलवा, चहा पाजा आणि डीबी उघडून दाखवा.

अर्ज ऑनलाइन किंवा सब-डिव्हिजन ऑफिसात देता येतो. पोचपावती घ्या. त्यानंतर सेक्शन ऑफिसर पाहणी करून जातो, वाढीव सुरक्षा ठेव आणि शुल्काची मागणी येते, ती भरली की नवा भार बिलावर चढतो. २०२४ च्या दुरुस्तीनंतर केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियम २०२० मध्ये नव्या कनेक्शनला आणि आहे त्या कनेक्शनमधल्या बदलाला नगरपालिका-महापालिका हद्दीत ७ दिवस आणि ग्रामीण भागात १५ दिवसांची कमाल मुदत आहे. मुदत मोजायची ती अर्ज सर्व बाजूंनी पूर्ण झाल्यापासून. म्हणून एखादा कागद कमी आहे म्हणाले, तर कुठला ते ऑफिसकडून लेखी घ्या.

भार वाढवला तर गृहज्योती, म्हणजे राज्य सरकारची घरगुती मोफत विजेची सवलत, जाईल, अशी भीती बरेचजण घालतात. ऑगस्ट २०२३ पासून मिळणारी ती सवलत २०२२-२३ मधल्या सरासरी वापरावरून, २०० युनिटच्या मर्यादेत ठरते. ती युनिटवर आहे, किलोवॅटवर नाही. नाव बदललं असेल तर मात्र नव्या माणसाचं आधार अकाउंट आयडीशी जोडलंय का ते राज्याच्या सेवासिंधू पोर्टलवर तपासा.

डीबीच्या आत

एमसीबी वायरीला वाचवतो, हे डोक्यात ठेवलं की बाकीचं सोपं जातं. दीडच्या (दीड चौरस मिलिमीटर जाडीच्या) वायरीला ६ किंवा १० अँपिअर, अडीचच्या वायरीला १६ किंवा २०, चारच्या वायरीला २५. गिझर लावला की एमसीबी पडतो म्हणून १६ च्या जागी ३२ बसवणं म्हणजे आमच्या बाबांचे दोन पदरच. पडणाऱ्या एमसीबीचं म्हणणं ऐका: एक तर त्या वायरीवर झेपेल त्याहून जास्त भार आहे, नाहीतर गिझरची कॉइल गेलीय.

आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा घ्या, आयएसआय चिन्ह बघून. जुन्या घरात तो बसवल्या बसवल्या पडतो आणि लोक दुकानदाराशी भांडायला जातात. दोष बहुतेक वेळा वायरिंगचा निघतो. आमच्याकडे स्वयंपाकघराचा न्यूट्रल कुणीतरी पूर्वी अर्थच्या वायरीला जोडून ठेवला होता. तो सापडायला अर्धा दिवस गेला, पण तेवढी वर्षं नळाला हात लावताना बोटाला येणाऱ्या मुंग्यांचं कोडं त्यातच सुटलं.

पुढची निगा फार नाही. आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं. लगेच पडला पाहिजे. वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, कंत्राटदाराकडून डीबीतले स्क्रू आवळून घ्यायचे. सैल स्क्रूपाशी वायर तापते आणि एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. झाकणावर पालथा हात ठेवून गरम लागलं किंवा वास आला तर थांबू नका. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओता. खानापूरच्या बाजूला पाऊस भरपूर म्हणून कुणी लक्ष देत नाही, पण एप्रिल-मेमध्ये तिथली लाल माती विटेसारखी सुकते. त्याच भागात जुलैत ओल धरलेल्या मातीच्या भिंतीमुळे आरसीसीबी वारंवार पडतो. तेव्हा तो काढून टाकायचा नाही. भिंतीतली पाइप बदलायची किंवा वायरिंग बाहेरून घ्यायचं.

अर्ज अडून राहिला तर पोचपावती घेऊन आधी सेक्शन ऑफिसर, मग सब-डिव्हिजनचे सहायक कार्यकारी अभियंता, मग जिल्ह्याचा ग्राहक तक्रार निवारण मंच आणि शेवटी बेंगळुरूचे विद्युत लोकपाल. मंचाकडे जायला वकील लागत नाही. तक्रारीत १९१२ वरचा तक्रार नंबर आणि तारखा तेवढ्या नीट लिहा.