पेडल एकटं वाजत नाही

एक फझ पेडल, म्हणजे इलेक्ट्रिक गिटार आणि अ‍ॅम्पच्या मध्ये पायाशी ठेवायची, आवाज फाटका-घरघरता करणारी डबी, मी जवळजवळ विकायला काढलं होतं. मित्राकडे ऐकलं तेव्हा त्यातून घोंगडीसारखा जाडसर, उबदार आवाज येत होता, म्हणून दुसऱ्याच आठवड्यात मी तेच मॉडेल घेतलं, गिटार तीच, अ‍ॅम्पही त्याच जातीचा, आणि माझ्या बोर्डावर, म्हणजे सगळी पेडलं जोडून ठेवलेल्या फळीवर, लावल्यावर बाहेर काय आलं तर पत्र्याच्या डब्यात माशी अडकावी तसला किरकिरा आवाज. दोन महिने मी त्या पेडललाच दोष देत होतो. मग एकदा बोर्ड पुसायला म्हणून सगळं सुटं केलं आणि सहज गिटारची केबल थेट फझमध्ये लावली, तर तोच मित्राकडचा आवाज! बदललं काय होतं, तर नेहमी मध्ये असणारं ट्यूनर पेडल त्या दिवशी नव्हतं. तेही वाजवताना बंदच असायचं.

बंद ट्यूनरने आवाज बिघडवला कसा, हे कळायला गिटारच्या पोटापासून सुरुवात करावी लागते. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांमध्ये व्होल्टेज उमटतं, फॅरडेने १८३१ साली दाखवलं तेच. पण इतके वेढे म्हटल्यावर त्या गुंडाळीला मोठा इंडक्टन्सही येतो, म्हणजे प्रवाहातल्या बदलाला अडवण्याचा गुण, साध्या एका गुंडाळीच्या पिकअपला (सिंगल कॉइल) दोन-तीन हेन्री. आणि गिटारची केबल ही खरं तर एक लांबलचक कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारा भाग, असते, मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरड. हे दोघं जोडले की झोपाळ्यासारखी एक जोडी तयार होते, तिला स्वतःची एक लाडकी फ्रिक्वेन्सी असते, तिथे आवाज थोडा उचलला जातो आणि तिच्या वरचं सगळं झपाट्याने गळून पडतं.

हिशोबच करून बघू. ३ हेन्रीचा पिकअप आणि ५ मीटर केबल घेतली, म्हणजे ५०० पिकोफॅरड, तर ही लाडकी फ्रिक्वेन्सी येते साधारण ४,१०० हर्ट्झवर. केबल १० मीटरची केली की तीच उतरते २,९०० हर्ट्झवर. आवाजातली चमक नेमकी ह्याच पट्ट्यात असते, त्यामुळे काहीही इफेक्ट न लावता नुसती केबल बदलून गिटार उजळ किंवा मंद होते. आता ट्रू बायपास पेडलांचा विचार करा. ट्रू बायपास म्हणजे बंद केल्यावर सिग्नल सर्किटला शिवतच नाही, सरळ तारेतून पुढे जातो. ऐकायला हे फार शुद्ध वाटतं, पण अशी आठ-दहा पेडलं एकापुढे एक लावली आणि सगळी बंद ठेवली तरी पिकअपला त्या सगळ्या केबलींचं ओझं एकट्यानेच ओढावं लागतं. बफर, म्हणजे सिग्नल न बदलता पुढे जोरात ढकलणारं छोटं सर्किट, असलेलं पेडल हे ओझं स्वतःच्या अंगावर घेतं. त्याच्या इनपुटचा इम्पिडन्स, म्हणजे सिग्नलला होणारा अडथळा, ५ लाख ते १० लाख ओहम, म्हणजे पिकअपला ते जवळपास जाणवतच नाही, आणि पुढे मात्र ते जोरकसपणे कितीही केबल हाकतं. म्हणून लांब साखळीत निदान एक चांगला बफर हवाच, "बफर म्हणजे टोनचा सत्यानाश" वगैरे जे ऐकू येतं ते मला अजिबात पटत नाही.

पण फझला तोच बफर चालत नाही. १९६६ सालच्या फझ फेससारख्या जुन्या धाटणीच्या सर्किटमध्ये दोनच ट्रान्झिस्टर असतात आणि इनपुट इम्पिडन्स असतो जेमतेम काही हजार ओहम. थेट गिटार लावली की पिकअप दबतो, वरच्या फ्रिक्वेन्सी मवाळ होतात, आणि पिकअपची ती गुंडाळी फझच्या सर्किटचाच एक भाग होऊन बसते. गिटारचा व्हॉल्यूम थोडा उतरवला तरी आवाज सुंदर स्वच्छ होत जातो, तो ह्याच नात्यामुळे. मध्ये बफर आला की हे नातं तुटतं, फझला समोर पिकअप दिसतच नाही, दिसतो एक दांडगा सोर्स जो सगळं ट्रेबल त्याच्या अंगावर ओततो. माझा ट्यूनर बंद असला तरी त्याचा बफर चालूच होता. फझ पहिल्या जागी आणि ट्यूनर त्याच्यामागे, बस, एवढाच उपाय.

फझ आला कुठून ती गोष्टही छान आहे. १९६१ साली आलेल्या मार्टी रॉबिन्सच्या 'डोन्ट वरी' या गाण्यात ग्रेडी मार्टिनचा बेस गिटारचा एक तुकडा आहे, रेकॉर्डिंगच्या वेळी स्टुडिओतल्या मिक्सिंग कन्सोलचा एक चॅनल बिघडलेला होता आणि तो तुकडा फाटक्या, घरघरणाऱ्या आवाजात टेप झाला. लोकांना तो आवडला. इंजिनियर ग्लेन स्नॉडीने तसाच आवाज मुद्दाम काढणारं ट्रान्झिस्टरचं सर्किट बनवलं आणि १९६२ साली गिब्सनने ते माएस्ट्रो फझ-टोन नावाने बाजारात आणलं. त्या काळचे ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे, आणि जर्मेनियमला उष्णता सोसत नाही, तापमान साधारण १० अंशांनी वाढलं की त्यातली गळती करंट जवळपास दुप्पट होते, त्यामुळे जर्मेनियम फझ दुपारच्या उन्हात स्टेजवर एक वाजतो आणि रात्री वेगळाच वाजतो. पेडल बिघडलंय असं समजू नका, त्याला सावलीत ठेवा.

फझ, ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन, नावं वेगळी असली तरी मुळात काम एकच, लाटेचे शेंडे छाटायचे. सिलिकॉन डायोड साधारण ०.६ व्होल्टला छाटतो, जर्मेनियम ०.३ च्या आसपास, लाल एलईडी १.७ च्या आसपास, म्हणून एलईडीवालं पेडल जास्त मोकळं आणि मोठं वाजतं. शेंडे वरून-खालून सारखे छाटले की १, ३, ५ असे विषम हार्मोनिक, म्हणजे मूळ फ्रिक्वेन्सीच्या तितक्या पटीतले स्वर, वाढतात, एका बाजूने जास्त छाटले की २, ४ असे समही येतात.

आणि दोन स्वर एकत्र छाटले की आणखी एक गंमत होते. पाचवी तार मोकळी छेडा, ११० हर्ट्झ, तिला सा माना. त्यावरचा प गिटारवर १६४.८ हर्ट्झ. छाटणी झाली की दोघांच्या फरकाचा एक तिसरा स्वर जन्माला येतो, ५४.८, म्हणजे जवळजवळ नेमका खालच्या सप्तकातला सा! न छेडलेला खर्ज फुकटात मिळतो, म्हणून पॉवर कॉर्ड, म्हणजे सा आणि प एकत्र छेडणं, इतका भारदस्त वाटतो. आता प ऐवजी ग घ्या. गिटारचे पडदे सप्तकाचे बारा समान भाग करून बसवलेले असतात, त्यामुळे तिथला ग येतो १३८.६ वर, खरा जुळणारा हवा होता १३७.५. सा चा पाचवा हार्मोनिक ५५०, ग चा चौथा ५५४.४, दोघांची टक्कर होऊन सेकंदाला चार-साडेचार वेळा आवाज थरथरतो. स्वच्छ आवाजात हे फारसं कळत नाही, पण डिस्टॉर्शन हार्मोनिक वर उचलून देतं आणि सगळं गढूळ होतं. ज्यांना पूर्ण कॉर्ड वाजवायचे आहेत त्यांनी कमी गेनचं, म्हणजे सिग्नल कमी फुगवून कमी छाटणारं, पेडल घ्यावं असं मी म्हणतो ते ह्यामुळे.

आता पेडलांच्या जमवाजमवीकडे येतो. आयबानेझचं ट्यूब स्क्रीमर टीएस८०८ हे ओव्हरड्राइव्ह पेडल आलं १९७९ च्या सुमारास. त्याची खुबी अशी की साधारण ७२० हर्ट्झच्या खालच्या भागाला ते कमी कमी गेन देतं, जाड तारांचा खर्ज फारसा छाटला जात नाही, मधला पट्टा मात्र पुढे येतो, त्यामुळे बँडच्या गर्दीत गिटार ऐकू येते. घरी एकट्याने वाजवताना हेच पेडल किरटं वाटतं, कारण घरी बेस नसतो, ड्रम नसतात. ह्या सर्किटवरून किती पेडलं निघाली असतील त्याला गणतीच नाही. माझ्याकडे एकेकाळी तीन ओव्हरड्राइव्ह होती, तीन रंग, तीन नावं, एका निवांत रात्री तिन्हींच्या मागच्या पट्ट्या उघडल्या तर दोघांत ट्यूब स्क्रीमरमधलीच ४५५८ जातीची चिप आणि तिच्याभोवती तशीच डायोडची जोडी. तिसरं तेवढं खरंच वेगळं होतं.

याच्या दुसऱ्या टोकाला क्लॉन सेंटॉर हे ओव्हरड्राइव्ह. १९९४ पासून बिल फिनेगनने बनवलेलं, एकूण साधारण ८,००० नग, आतल्या सर्किटवर काळा इपॉक्सी ओतलेला, म्हणजे कुणी उघडून नक्कल करू नये. लोकांनी तो इपॉक्सी खरवडून सर्किट काढलंच, आणि आज त्याच्या नकला ढिगाने मिळतात. मूळ नगांमागे लोक अजून धावतात. दुर्मिळ वस्तू जवळ असण्याचा आनंद मला समजतो, तो खरा आनंद आहे, फक्त तो आनंद आणि आवाजातला फरक ह्या दोन गोष्टी वेगळ्या मोजायला हव्यात.

मोजायला लागलं की पहिला घोळ होतो मोठेपणाचा. दोन पेडलांमध्ये एक जरी डेसिबलभर मोठं असलं तरी आपल्याला ते "मोठं" असं ऐकू येत नाही, ते "भरीव", "जिवंत" असं ऐकू येतं. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिलं की हळू आवाजात कान खर्जाला फार कमी दाद देतो आणि आवाज वाढला की तो खर्ज आपोआप भरून आल्यासारखा वाटतो. म्हणजे दुकानात एखाद्या पेडलचा लेव्हल नॉब जरा वर असेल तर बाजी त्याचीच. म्हणून तुलना करताना आधी फोनच्या साउंड मीटरवर दोन्हींचा आवाज जुळवा, फोन एकाच जागी ठेवा, मग पाठ फिरवून बसा आणि दुसऱ्या कुणालातरी नाणं उडवून पेडल बदलायला सांगा. दहा फेऱ्या करा. नुसत्या अंदाजाने दहापैकी आठ किंवा जास्त बरोबर यायची शक्यता साडेपाच टक्के, नऊ किंवा जास्तची जेमतेम एक टक्का, तेव्हा नऊ आले तर फरक खरंच ऐकू येतोय असं समजायला हरकत नाही.

क्रमाचाही तसाच प्रश्न. डिले, म्हणजे सुराचा प्रतिध्वनी थोड्या उशिराने परत वाजवणारं पेडल, आधी आणि फझ नंतर लावला तर काय होतं बघा, मूळ सूर समजा २०० मिलिव्होल्टचा आणि पहिला प्रतिध्वनी १०० चा, फझ दोघांनाही छाटून जवळपास एकाच उंचीवर आणतो, म्हणजे प्रतिध्वनी विरत जाण्याऐवजी तितकाच अंगावर येतो आणि नव्या सुरात मिसळून चिखल होतो. उलटा क्रम लावला तर छाटलेला सूर नीट विरत जातो. काहींना तो चिखलच हवा असतो, हरकत नाही, पण तो हवा म्हणून लावावा. डिले आणि रिव्हर्बसारखी (रिव्हर्ब म्हणजे मोठ्या खोलीतल्यासारखा घुमारा), आवाज न छाटणारी दोन पेडलं आपसात अदलाबदल केली तर मात्र फारसं काही बिघडत नाही.

जुन्या अ‍ॅनलॉग डिलेबद्दल मला विशेष माया आहे. त्यातली चिप १९६९ साली फिलिप्समध्ये सँगस्टर आणि टीअर यांनी शोधलेल्या बकेट ब्रिगेडवर चालते. विहिरीपासून आगीपर्यंत माणसांची रांग उभी करून पाण्याच्या बादल्या हातोहात द्याव्यात तसा सिग्नलचा एकेक घोट एका कपॅसिटरमधून पुढच्यात ओतला जातो. एमएन३००५ या चिपमध्ये अशा ४,०९६ बादल्या आहेत. २०० मिलिसेकंद उशीर हवा तर त्यांना सेकंदाला सुमारे १०,००० च्या तालावर चालवावं लागतं, आणि तेवढ्या संथ तालात ५,००० हर्ट्झच्या वरचं काही नीट वाहून नेता येत नाही, म्हणून त्याच्या बऱ्याच खालीच फिल्टर लावून वरचं कापून टाकतात. प्रत्येक प्रतिध्वनी आधीच्यापेक्षा मंद, मऊ होत जातो आणि तुम्ही वाजवत असलेल्या सुराच्या वाटेत येत नाही. १९८३ साली बॉसचा डिजिटल डीडी-२ आला तेव्हा प्रतिध्वनी लख्ख झाले, मला मात्र गाण्यामागे तो अंधारा डिलेच आवडतो.

पॉवरबद्दल एवढंच, की एकाच अ‍ॅडॉप्टरवरून साखळी करून सगळ्यांना ९ व्होल्ट दिले आणि त्यात डिजिटल पेडलं असली की त्यांच्या क्लॉकची, म्हणजे आतल्या ताल देणाऱ्या सर्किटची, शिट्टी हाय गेन पेडलमधून ऐकू येते. नवं पेडल घेण्याआधी वेगवेगळ्या आयसोलेटेड, म्हणजे एकमेकांपासून तोडलेल्या, आउटपुटचा सप्लाय घ्या.

त्या तीन ओव्हरड्राइव्हची चाचणी मी मित्राला बसवून घेतली. वेगळं सर्किट असलेलं मी दहापैकी दहा वेळा ओळखलं. तीच चिप असलेल्या दोघांमध्ये पाच. त्यातलं एक मित्र घेऊन गेला, त्याला निळा रंग आवडला होता, आणि फझ आता पहिल्या जागेवर आहे, गिटारची केबल थेट त्याच्यात.