कान्ट हेल्प फॉलिंग इन लव्ह

कान्ट हेल्प फॉलिंग इन लव्ह : अमेरिकन गायक एल्व्हिस प्रेस्ली (१९३५–१९७७) यांचे १९६१ सालचे संथ प्रेमगीत. ‘ब्लू हवाई’ या चित्रपटासाठी ह्यूगो पेरेटी, लुइजी क्रियाटोरे आणि जॉर्ज डेव्हिड वाइस या तिघांनी ते रचले. बुद्धी नको म्हणते आणि मन ऐकत नाही, अशा पेचात सापडलेल्या माणसाचे हे गाणे आहे. या विषयावर पॉप संगीतात गाण्यांचा तोटा नाही. पण त्यांतली बहुतेक एकतर रडतात, नाहीतर जगाशी भांडतात. हे गाणे दोन्ही करत नाही. उतावळेपणाने धावत सुटतात ते मूर्खच, असे शहाणी माणसे म्हणतात हे पहिल्याच ओळीत सांगायचे, त्यांना खोटे पाडायचे नाही, आणि तरीही आपला इलाज नाही हे मान्य करायचे, एवढाच त्याचा पवित्रा.

पहिल्या ओळीतले हे मूर्ख इंग्रजी वाचकाच्या जुन्या ओळखीचे आहेत. ज्या जागी पाऊल टाकायला देवदूतही कचरतात तिथे मूर्ख बेधडक घुसतात, हे वचन अलेक्झांडर पोपच्या ‘ॲन एसे ऑन क्रिटिसिझम’ (१७११) या काव्यातले. पोपचा रोख मात्र प्रेमिकांवर नव्हे, आगाऊ टीकाकारांवर होता. १९४० मध्ये गीतकार जॉनी मर्सर आणि संगीतकार रूब ब्लूम यांच्या ‘फूल्स रश इन’ या गाण्याने तेच वचन प्रेमात पडणाऱ्यांना लावले (पुढे १९७१ मध्ये प्रेस्ली यांनी तेही गायले). त्यामुळे १९६१ च्या श्रोत्याला अर्धे वचन पुरेसे होते. देवदूतांचा उल्लेख न करताही काम भागले. ‘मी थांबलो तर ते पाप ठरेल का?’ हा प्रश्न गाण्यात येतो आणि उत्तराविना तसाच राहतो. शब्द साधे, बहुतेक एकाक्षरी. हे गीत मुळात स्त्रीच्या तोंडी घालण्यासाठी लिहिले गेले होते; ‘इन’ आणि ‘सिन’ या शब्दांशी यमक जुळवणाऱ्या ओळीच्या शेवटी तेव्हा ‘यू’ऐवजी ‘हिम’ होते. आज जिथे यमक जुळत नाही असे वाटते तिथे ते पूर्वी जुळत होते, याचा उलगडा त्यावरून होतो.

गाण्याची चाल मात्र या तिघांची नाही, निदान मुखड्याची नाही. ती जाँ-पॉल-एजिद मार्तिनी (१७४१–१८१६) यांच्या ‘प्लेझिर दामूर’ या १७८४ च्या फ्रेंच गीतावरून घेतली आहे. मार्तिनी हे नाव इटालियन वाटले तरी गृहस्थ बव्हेरियातले जर्मन, मूळ आडनाव श्वार्त्सेनडॉर्फ. नशीब काढले ते फ्रान्समध्ये. शब्द कवी फ्लोरियाँ यांचे. दीडशेहून अधिक वर्षे झालेल्या या चालीवर कोणाचाच हक्क उरला नव्हता, तेव्हा ती उचलण्यात कायद्याची अडचण नव्हती.

या उसनवारीत खरी गंमत आहे. फ्रेंच गीताचा आशय असा : प्रेमाचे सुख क्षणभराचे, प्रेमाचे दुःख जन्मभराचे. सिल्व्ही नावाच्या मुलीसाठी सगळे सोडून बसलेला प्रियकर ते गातो. कुरणाकडेच्या ओढ्याकडे हे पाणी वाहत राहील तोवर मी तुझीच, असे ती त्याला म्हणाली होती. पाणी अजून वाहते आहे, ती मात्र दुसऱ्याची झाली. आता प्रेस्लींच्या गाण्याचा अंतरा पाहा. तिथे नदी समुद्राकडे निघालेली आहे आणि तिच्याच दाखल्याने सांगितले आहे की काही गोष्टी व्हायच्याच असतात. एकाच सुरावटीच्या आसऱ्याने राहणाऱ्या या दोन गाण्यांत वाहत्या पाण्याची साक्ष अगदी उलट बाजूंनी निघते. गीतकारांनी हे जाणूनबुजून केले असो वा नसो, ज्याला मूळ गीत ठाऊक आहे त्याला शहाण्या माणसांचा इशारा शब्दांच्या आधी चालीतूनच ऐकू येतो.

रचनेच्या दृष्टीने गाणे डी मेजर या पाश्चात्त्य स्वरपट्टीत आहे आणि लय तीन-तीन मात्रांनी हेलकावणारी. आपल्याकडच्या श्रोत्याला दादरा आठवावा अशी. मुखड्याची चाल बहुतांशी पायरी-पायरीने चढते, शेवटच्या ओळीत तशीच सावकाश उतरते. अंतरा नव्याने बांधलेला आहे. तो एफ-शार्प मायनर या उदास छटेच्या पट्टीकडे वळतो, थोडा काळवंडतो, आणि वळणे घेत पुन्हा घरी येतो. विषय उतावळेपणाचा, पण गाण्याला कसलीच घाई नाही. प्रेस्ली इथे आवाज कुठेही फेकत नाहीत. ‘हाउंड डॉग’ हे दणदणीत रॉक गीत गाणारा हाच का तो गायक, असा प्रश्न पडावा इतका तो आवाज आवरलेला आहे. मागे जॉर्डनेअर्स या गायकसंचाचे हुंकार.

ध्वनिमुद्रण हॉलिवूडच्या रेडिओ रेकॉर्डर्स या स्टुडिओत मार्च १९६१ मध्ये झाले. नमुना म्हणून आलेली ध्वनिफीत चित्रपटवाल्यांना आणि प्रेस्लींच्या गोतावळ्याला पसंत नव्हती, गाणे घ्यायचेच असा आग्रह स्वतः प्रेस्लींनी धरला, अशी आठवण वाइस सांगत. चित्रपटात नायक सैन्यातली नोकरी संपवून हवाईला परततो (प्रेस्ली स्वतः १९६० मध्ये जर्मनीतून लष्करी सेवा आटोपून आले होते). प्रेयसीच्या आजीसाठी त्याने युरोपातून एक संगीत-पेटी आणलेली असते. वाढदिवसाच्या समारंभात ती पेटी वाजते आणि तिच्या सुरांवर तो गाऊ लागतो. म्हणजे जगभरच्या प्रेमिकांनी आपले मानलेले हे गाणे पडद्यावर येते ते आजीबाईंच्या भेटवस्तूच्या निमित्ताने. चित्रपट हलकाफुलका, समुद्रकिनारे आणि गाणी यांवर तोललेला. आज त्याचे नाव निघते ते प्रामुख्याने या प्रसंगामुळेच.

तबकडी निघाली तेव्हा अमेरिकेत हे गाणे मागच्या बाजूला होते. पुढच्या बाजूचा मान ‘रॉक-अ-हुला बेबी’ या नाचाच्या गाण्याला मिळाला, कारण त्या हंगामात ट्विस्ट या नाचाचे वेड होते. श्रोत्यांनी तबकडी उलटवली. १९६२ च्या सुरुवातीला हे गाणे बिलबोर्ड या अमेरिकन संगीत-साप्ताहिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले. वरचा क्रमांक अडवून बसले होते ते ‘पेपरमिंट ट्विस्ट’ हे ट्विस्टचेच गाणे. ब्रिटनमध्ये ते चार आठवडे पहिले राहिले. याच तीन गीतकारांचे त्याच सुमारास गाजलेले दुसरे गाणे ‘द लायन स्लीप्स टुनाइट’. त्याचा पाया दक्षिण आफ्रिकेच्या सॉलोमन लिंडा यांच्या ‘म्बुबे’ या रचनेत होता, आणि तिथे मात्र उसनवारीचा हिशेब लिंडांच्या वारसांना कोर्टात मागावा लागला.

१९६९ पासून लास व्हेगासच्या आणि नंतरच्या दौऱ्यांच्या कार्यक्रमांत प्रेस्ली बहुधा याच गाण्याने समारोप करत. जानेवारी १९७३ मध्ये होनोलुलूहून उपग्रहाद्वारे दाखवलेल्या मैफलीचा शेवटही त्यानेच झाला. २६ जून १९७७ रोजी इंडियानापोलिस इथल्या त्यांच्या अखेरच्या जाहीर कार्यक्रमातही ते शेवटी गायले गेले. रंगमंचावरची ही रूपे मूळ ध्वनिमुद्रणापेक्षा बरीच जलद आहेत. निरोप घेण्याच्या घाईत मूळचा कबुलीजबाब थोडा हरवतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत.

इतरांनी ते सतत गायले आहे. ब्रिटनमध्ये अँडी विल्यम्स (१९७०) आणि द स्टायलिस्टिक्स (१९७६) यांच्या आवृत्त्या गाजल्या. बर्मिंगहॅमच्या यूबी४० या रेगे (जमैकातली संगीतशैली) वाद्यवृंदाने १९९३ मध्ये त्याचा ताल पार बदलून टाकला. ‘स्लिव्हर’ चित्रपटाच्या निमित्ताने ती आवृत्ती अमेरिकेत सात आठवडे पहिल्या क्रमांकावर होती, म्हणजे मूळ गायकाला न मिळालेली जागा तिने घेतली. मात्र रेगेच्या निवांत ठेक्यावर ‘पाप ठरेल का?’ या प्रश्नातली धाकधूक उरत नाही. ‘क्रेझी रिच एशियन्स’ (२०१८) या चित्रपटात किना ग्रॅनिस यांनी लग्नाच्या प्रसंगी ते जवळपास कुजबुजत गायले आहे. वधू चालत येते त्या वाटेवर पाणी सोडलेले आहे, आणि अंतऱ्यातली नदी दिग्दर्शकाने अशी थेट चर्चमध्ये आणली आहे.

इंग्लंडमध्ये काही फुटबॉल संघांचे पाठीराखे हे गाणे मैदानात एकमुखाने गातात. त्यांत सर्वांत ठळक नाव संडरलँडचे. हा संघ २०१७ आणि २०१८ अशा लागोपाठ दोन वर्षी खालच्या श्रेणीत घसरला आणि तिसऱ्या श्रेणीत जाऊन पडला. शहाण्या माणसाने त्या काळात तिकिटाचे पैसे वाचवले असते. स्टेडियम ऑफ लाइट या संघाच्या मैदानावर मात्र हजारोंची गर्दी येतच राहिली. २०२५ मध्ये संघ प्रीमियर लीग या सर्वोच्च श्रेणीत परतला.