सुरक्षा-लेबल: वाचावे, जपावे, पण अर्थ लावू नये

युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या परंपरेत फाइल कोणी वाचावी हे तिचा मालक ठरवतो. ही व्यवस्था सोयीची आहे, पण मालकाच्या नावाने चालणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामला मालकाचे सगळे अधिकार आपोआप मिळतात आणि एखादा फसवा प्रोग्राम त्याच्या नकळत खासगी फाइली इतरांना खुल्या करू शकतो. याउलट, सक्तीच्या प्रवेश-नियंत्रणात फाइलींना आणि चालू प्रक्रियांना सुरक्षा-लेबले असतात, आणि कोणत्या लेबलाच्या प्रक्रियेने कोणत्या लेबलाच्या फाइलीला हात लावावा याचा निर्णय कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, ठरवून दिलेल्या नियमांनुसार, म्हणजे धोरणानुसार, करतो. तेथे मालकाची इच्छा चालत नाही. धोरणात तशी तरतूद असेल तर रूटची, म्हणजे एरवी सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्याचीही, चालत नाही.

बेल आणि लापाड्युला या संशोधकांनी १९७३ च्या सुमारास मांडलेल्या गोपनीयतेच्या प्रारूपात लेबल म्हणजे गोपनीयतेची पातळी; खालच्या पातळीवरील प्रक्रियेला वरचे वाचता येत नाही, आणि वरच्या पातळीवरील प्रक्रियेला खाली लिहिता येत नाही. दुसरा नियम प्रथमदर्शनी विचित्र वाटतो, पण खरी मेख त्यातच आहे: गुपित वाचून बसलेला प्रोग्राम ते खालच्या फाइलीत उतरवू शकत नाही. पुढे बिबा यांनी माहितीच्या विश्वासार्हतेसाठी हेच नियम उलटे केले. फ्रीबीएसडी या युनिक्स-वंशाच्या सिस्टिममध्ये ही दोन्ही धोरणे कर्नलच्या मॉड्यूलच्या (जोडता येणाऱ्या भागांच्या) रूपात मिळतात. लिनक्सवरील एसईलिनक्स ही सक्तीच्या नियंत्रणाची व्यवस्था मुख्यतः प्रक्रियेच्या आणि फाइलीच्या ‘टाइप’वर, म्हणजे लेबलातील प्रकाराच्या नावावर, निर्णय घेते; अँड्रॉइड ५.० पासून ती फोनमध्ये पूर्णपणे सक्तीने लागू आहे.

बहुतेक प्रोग्राम लेबलांविषयी काहीही न जाणता चालतात. अडचण येते ती फाइल जतन करताना. अनेक एडिटर आधी तात्पुरती फाइल लिहितात आणि मग नाव बदलून ती मूळ फाइलीच्या जागी ठेवतात. एसईलिनक्समध्ये, वेगळा नियम नसेल तर, नव्या फाइलीला तिच्या डिरेक्टरीचा टाइप मिळतो, त्यामुळे मूळ फाइलीचे लेबल गुपचूप हरवते. लेबल मागाहून लावले तरी मधल्या क्षणी फाइल चुकीच्या लेबलाने उघडी राहते. म्हणून काळजीने लिहिलेली साधने, उदाहरणार्थ पासवर्ड बदलणारी, फाइल निर्माण करण्याआधीच कर्नलला सांगून ठेवतात की पुढच्या फाइलीला अमुक लेबल दे.

लेबल मजकुराच्या रूपात वाचता येते, म्हणून ते तोडून त्याचा अर्थ आपणच लावण्याचा मोह होतो; तो टाळलेला बरा. गोपनीयतेच्या लेबलात पातळीसोबत विषयवार गटही असतात. एका लेबलात एक गट आणि दुसऱ्यात वेगळाच गट असेल, तर दोघांपैकी कोणतेही वरचे ठरत नाही, आणि अक्षरांची तुलना करून हे कळणे शक्य नाही. फ्रीबीएसडीच्या लायब्ररीत तर लेबल ही प्रोग्रामच्या दृष्टीने बंद पेटीच आहे: ते मागायचे, जसेच्या तसे दुसरीकडे लावायचे, आणि माणसाला दाखवायचे असेल तेव्हाच त्याचा मजकूर करून घ्यायचा.

स्वतःच्या वस्तूंचे रक्षण करणाऱ्या सेवांनाही हेच लागू पडते. एका प्रक्रियेचा निरोप दुसरीला पोचवणारी डी-बस ही सेवा धोरण स्वतः पाठ करत नाही. निरोप पाठवणाऱ्याचे लेबल कर्नलकडून मिळवते आणि ही कृती चालेल का, हे एसईलिनक्सच्या धोरणालाच विचारते. धोरण उद्या बदलले तरी डी-बसचा कोड बदलावा लागत नाही.