माणकाच्या झोतापासून हिरडीपर्यंत : दातांवरील लेसर उपचारांची पार्श्वभूमी

दवाखान्याच्या पाटीवर ‘येथे लेसरने दातांवर उपचार केले जातात’ अशी ओळ वाचली की लेसर नावाचे एकच यंत्र असावे आणि ड्रिलचे सगळे काम ते न दुखवता करत असावे, असा समज होतो. प्रत्यक्षात दंतोपचारात आज निरनिराळ्या जातींचे लेसर वापरले जातात. प्रत्येकाची तरंगलांबी वेगळी आहे, तो प्रकाश शोषून घेणारा पदार्थ वेगळा आहे आणि म्हणून प्रत्येकाचे काम व त्याचे धोकेही वेगळे आहेत. ही विभागणी कशी घडत गेली हे समजल्याशिवाय या उपचारांच्या फायद्या-तोट्यांचा हिशेब मांडता येत नाही.

हवेच्या दाबावर मिनिटाला सुमारे 3 लाख फेरे घेणारे ड्रिल 1957 मध्ये बाजारात आले. कीड कोरण्याचे काम त्यामुळे झपाट्याने होऊ लागले. पण तो कर्कश आवाज, ती थरथर आणि त्यापायी वाटणारी भीती कायम राहिली. त्यानंतर तीनच वर्षांनी, 16 मे 1960 रोजी, कॅलिफोर्नियातील ह्यूज प्रयोगशाळेत थिओडोर मेमन यांनी कृत्रिम माणकाच्या कांडीतून पहिला लेसर झोत मिळवला. कशालाही स्पर्श न करता पदार्थ वितळवणाऱ्या या प्रकाशाने दातही कोरता येईल, अशी आशा वाटणे स्वाभाविक होते. राल्फ स्टर्न आणि रायडार सॉग्नेस या संशोधकांनी 1964 च्या सुमारास, तोंडातून काढलेल्या दातांवर हा झोत सोडून पाहिला, तेव्हा इनॅमलवर, म्हणजे दाताच्या कठीण बाहेरच्या थरावर, खळगे पडले आणि त्यांच्या कडा काचेसारख्या वितळून गेल्या. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील सिनसिनाटीचे त्वचारोगतज्ज्ञ लिऑन गोल्डमन यांनी आपल्या दंतवैद्य भावाच्या जिवंत दातावर माणिक-लेसरचे दोन ठोके दिले. भावाला वेदना झाली नाही आणि दाताच्या पृष्ठभागावर किरकोळ खुणा राहिल्या.

प्रयोग यशस्वी वाटला, तरी त्यानंतर जवळजवळ पंचवीस वर्षे दंतवैद्याच्या खुर्चीपर्यंत लेसर पोहोचला नाही. याचे कारण उष्णता हे होते. दाताच्या पोटात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंनी भरलेला मऊ गर असतो आणि तो सर्व बाजूंनी कठीण कवचात बंद असल्यामुळे त्याला सुजायलाही जागा नसते. 1965 मध्येच झॅक आणि कोहेन यांनी माकडांच्या दातांवर केलेल्या प्रयोगात या गराचे तापमान केवळ 5.5 अंश सेल्सिअसने वाढले, तरी सुमारे 15 टक्के दातांमधला गर पुन्हा सावरला नाही. माणिक-लेसरचा 694 नॅनोमीटरचा लाल प्रकाश इनॅमलमध्ये फारसा शोषला जात नाही. म्हणून इनॅमल फोडायचे तर प्रचंड ऊर्जा सोडावी लागे आणि तिची आच आतल्या गरापर्यंत जाई. ‘लेसर किती शक्तिशाली आहे’ यापेक्षा ‘त्याचा प्रकाश कोण शोषून घेतो’ हा प्रश्न महत्त्वाचा आहे, हे या अपयशाने शिकवले. माझ्या मते दंतलेसरच्या इतिहासातला सर्वांत मोलाचा धडा हाच आहे.

तोंडातल्या मऊ भागांसाठी या प्रश्नाचे उत्तर ज्या लेसरने दिले, त्याचे जनक मूळचे महाराष्ट्रातले. बारामतीत 1938 साली जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेतलेले सी. कुमार पटेल यांनी 1964 मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइड लेसर तयार केला. त्याची 10,600 नॅनोमीटरची अदृश्य किरणे पाण्यात चटकन शोषली जातात. हिरडी, जीभ आणि गालाच्या आतील अस्तरात पाणीच जास्त असल्यामुळे हा झोत वरचा पातळ थर बाष्परूपाने उडवतो आणि त्याच वेळी बारीक रक्तवाहिन्यांची तोंडे बंद करतो. घशाच्या शस्त्रक्रियांमध्ये तो 1970 च्या दशकात रुळला आणि 1980 च्या दशकात तोंडात आला. फेफऱ्यावरील फेनिटॉइन या औषधाने ज्यांच्या हिरड्या दातांवर चढतात, अशा रुग्णांना त्याचा विशेष उपयोग झाला, कारण सुरीने कापल्यास या हिरड्यांतून फार रक्त वाहते. टाके बहुधा लागत नाहीत, ही आणखी एक जमेची बाजू.

तंबाखू-गुटख्यामुळे तोंडात उठणारे पांढरे चट्टे काढण्यासाठीही हा लेसर वापरतात. येथे मात्र सावध राहायला हवे. लेसरने भाजलेल्या कडांमुळे सूक्ष्मदर्शकाखाली पेशी नीट ओळखता येत नाहीत. म्हणून संशयास्पद चट्ट्याचा तुकडा आधी सुरीने काढून तपासणीला पाठवणे अधिक सुरक्षित ठरते. चट्टा काढला म्हणजे कर्करोगाचा धोका संपला, असेही नाही. तो पुन्हा उठू शकतो आणि तंबाखू सुटली नाही तर लेसरचा उपयोग तात्पुरताच राहतो.

खास दंतवैद्यांसाठी बनवलेला पहिला लेसर मिशिगनमधील मायर्स बंधूंच्या प्रयत्नांतून आला. निओडिमियम-याग जातीच्या (याग हा एक कृत्रिम स्फटिक) त्या यंत्राला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 1990 मध्ये मऊ ऊतींसाठी मान्यता दिली. बारीक तंतूतून झोत नेता येत असल्याने हात कुठेही पोहोचू लागला. पुढे अर्धवाहकापासून झोत देणारे डायोड लेसर आले आणि लहान आकार व तुलनेने कमी किंमत यांमुळे साध्या दवाखान्यांतही पसरले. आज आपल्याकडे ‘लेसर’ म्हणून जे दाखवले जाते, ते बहुतेकदा डायोडच असते. वाढलेली हिरडी छाटणे, ओठाचा किंवा जिभेखालचा आखूड पट्टा मोकळा करणे, कॅपचे माप घेण्याआधी हिरडी बाजूला सारणे ही त्याची खरी कामे. डायोडने कीड कोरता येत नाही, ही गोष्ट रुग्णाला कोणीतरी स्पष्ट सांगायला हवी.

दात कोरण्याचे जुने स्वप्न एर्बियम-याग लेसरने बऱ्याच अंशी खरे केले. जर्मनीतील उल्म येथे हिब्स्ट आणि केलर यांनी 1989 मध्ये दाखवून दिले की त्याची 2,940 नॅनोमीटरची किरणे पाण्यात इतकी तीव्रतेने शोषली जातात की दाताच्या कणांमधले पाणी क्षणात वाफ होऊन फुटते आणि कण उडवून लावते. सोबतच्या पाण्याच्या फवाऱ्यामुळे गर तापत नाही. किडलेल्या भागात निरोगी इनॅमलपेक्षा पाणी जास्त असल्याने कीड आधी निघते. 1997 मध्ये प्रौढांच्या दातांतील कीड काढण्यासाठी या जातीला अमेरिकेत मान्यता मिळाली. ड्रिलची थरथर नसते आणि अनेकदा भुलीचे इंजेक्शनही टळते; सुईला घाबरणाऱ्या मुलांच्या दृष्टीने हे थोडे नाही. लेसरने कीड काढण्यावरील 9 चाचण्यांचा आणि 662 रुग्णांचा आढावा 2016 मध्ये, वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेने प्रसिद्ध केला. त्यात वेदना कमी होण्याच्या आणि भुलीची गरज घटण्याच्या बाजूने काही पुरावा आढळला. कीड काढण्यात मात्र ड्रिलपेक्षा सरस काही दिसले नाही आणि एकूण पुरावाही कमकुवत ठरला. शिवाय वेळ जास्त लागतो, दाताला टेकणारे हत्यार नसल्याने हाताला जाणवणारा कठीण-मऊपणा हरवतो, आणि दातात भरलेली जुनी चांदी किंवा धातूची कॅप काढायची झाल्यास ड्रिलच हाती घ्यावे लागते.

हिरड्यांच्या जुनाट रोगाबाबत मात्र पाट्यांवरचे दावे पुराव्याच्या पुढे गेले आहेत. हिरडीखालचा दगड, म्हणजे दातावर साचून कठीण झालेला थर, हत्याराने खरवडून काढणे हाच उपचाराचा पाया आहे. लेसरची जोड दिल्याने होणारा जादा फायदा बहुतेक अभ्यासांत माफकच दिसतो. दात पांढरे करतानाही मुख्य काम पेरॉक्साइडचे रसायन करते.

धोक्यांपैकी डोळ्यांचा धोका सर्वांत गंभीर आहे. अदृश्य झोत धातूच्या आरशावरून परावर्तित होऊन क्षणात इजा करू शकतो. म्हणून दंतवैद्य, मदतनीस आणि रुग्ण या तिघांनीही त्या विशिष्ट तरंगलांबीला अडवणाराच चष्मा घालणे आवश्यक असते. ऊती जळताना उठणारा धूर श्वासात जाऊ नये म्हणून जोरदार शोषणनळीही लागते. यंत्राची किंमत अखेर रुग्णाच्या बिलात उतरते, हेही खरे.

एक धागा या सगळ्यापासून वेगळा आहे. बुडापेस्टमध्ये 1967 च्या सुमारास एंड्रे मेस्टर यांनी उंदरांवर क्षीण लेसर वापरला. कर्करोग होतो का हे ते पाहत होते. तो झाला नाही, उलट भादरलेल्या जागी केस लवकर उगवले. त्यातून न कापणारा, केवळ ऊतींना चेतवणारा लेसर उपचार जन्मला. किरणोपचार आणि केमोथेरपी घेणाऱ्या काही रुग्णांच्या तोंडात पडणारे वेदनादायक व्रण टाळण्यासाठी आज आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये त्याची शिफारस आहे. ज्या देशात तोंडाचा कर्करोग पुरुषांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांपैकी एक आहे, तेथे घास गिळता यावा म्हणून दिला जाणारा हा काही मिनिटांचा उपचार कर्करोग रुग्णालयांच्या रोजच्या कामात यायला हवा, असे मला मनापासून वाटते.