साडेसातशे किलोची गाडी आणि एक लिटर पेट्रोल

मारुती सुझुकीच्या अल्टो के१० या गाडीच्या जाहिरातीत २४.३९ हा आकडा असतो. एका लिटरमध्ये इतके किलोमीटर. गाडी घेतलेल्या बहुतेकांना शहरात तेवढे मिळत नाहीत, मग कंपनी फसवते असं म्हणून विषय संपतो. खरं तर आकडा खोटा नाही. तो कुठल्या परिस्थितीतला आहे हे कुणी विचारत नाही, एवढंच.

पुण्यात कोथरूडजवळच्या ज्या टेकडीला लोक आज सरसकट एआरएआय टेकडी म्हणतात, तिथे १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था आहे. जाहिरातीतला आकडा अशा चाचणी संस्थांमध्ये ठरतो, आणि तिथे गाडी रस्त्यावर धावत नाही. तिची पुढची चाकं मोठ्या रोलरवर ठेवतात, रोलर तिला हवेचा आणि वजनाचा विरोध हिशेबाने देतो आणि चालक समोरच्या पडद्यावर दिसणाऱ्या वेगाच्या रेषेबरहुकूम गाडी ‘चालवतो’. ही रेषा ११८० सेकंदांची, साधारण साडेदहा किलोमीटरची. सरासरी वेग ताशी ३२ किलोमीटर, कमाल वेग ९०. एसी बंद. चढ नाही, खड्डा नाही, आडवी येणारी रिक्षा नाही.

गंमत म्हणजे इथे पेट्रोल मोजत नाहीत. धूर मोजतात. सायलेन्सरमधून बाहेर पडलेला वायू पिशव्यांमध्ये गोळा करून त्यातला कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले हायड्रोकार्बन तपासतात. पेट्रोलमधला कार्बन नाहीसा होऊ शकत नाही, त्यामुळे बाहेर किती कार्बन पडला यावरून आत किती पेट्रोल गेलं ते काढता येतं. टाकी फुल करून पंपावर हिशेब लावण्यापेक्षा ही रीत कितीतरी नेमकी आहे.

आता त्या एका लिटरकडे बघू. लिटरभर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते. सपाट रस्त्यावर चालकासह सुमारे ९०० किलो भरणारी छोटी हॅचबॅक ताशी ८० किलोमीटरने एकसारखी चालवायची, तर टायर लोळवायला अंदाजे १०० न्यूटन आणि हवा बाजूला सारायला अंदाजे २०० न्यूटन बळ लागतं. म्हणजे किलोमीटरमागे ०.३ मेगाज्यूल. लिटरमधली सगळी ऊर्जा चाकांपर्यंत पोचली असती तर गाडीने शंभरावर किलोमीटर दिले असते. प्रत्यक्षात चौथा-पाचवा हिस्साच चाकांपर्यंत जातो. बाकीची रेडिएटरमधून, सायलेन्सरमधून आणि इंजिनाच्या आतल्या घर्षणात उष्णता होऊन निघून जाते.

याच गणिताचा दुसरा भाग मला जास्त रंजक वाटतो. ३०० न्यूटन बळ ताशी ८० च्या वेगाने लावायला फक्त ९ अश्वशक्ती पुरते. अल्टो के१० चं ९९८ सीसीचं इंजिन ६७ अश्वशक्तीचं आहे. म्हणजे हायवेवर निवांत चालताना सातातला एक भागच कामाला लागलेला असतो, आणि गावातल्या रस्त्यावर ताशी ४० ने जाताना दोन-अडीच अश्वशक्ती. उरलेलं इंजिन आपण नुसतं वाहून नेतो.

वाहून नेण्याला खर्च येतो. पेट्रोल इंजिनाची ताकद कमी करायची म्हणजे आत जाणाऱ्या हवेची वाट थ्रॉटलच्या झडपेने अडवायची. पिस्टन खाली जाताना त्या अरुंद फटीतून हवा ओढतो, आणि घट्ट लस्सी बारीक स्ट्रॉने ओढताना गाल आत जातात तशी त्याची गत होते. या ओढाताणीत जाणारी ऊर्जा प्रत्येक फेरीला वाया. झडप जितकी जास्त मिटलेली, तितका हा तोटा मोठा. म्हणून तेच ९ अश्वशक्तीचं काम दीड लिटरच्या इंजिनाला सांगितलं, तर त्याची झडप जास्त मिटलेली राहते, त्याचे जास्त सिलिंडर जास्त घासतात आणि पेट्रोल जास्त जातं. छोट्या गाडीचं ॲव्हरेज चांगलं असतं ते ती हलकी असते म्हणून, हे खरंच. पण तिचं इंजिन बिनकामाचं कमी बसतं, हे कारणही तेवढंच मोठं आहे. वरचा गिअर लवकर टाका हा सल्ला याच कारणाने बरोबर ठरतो: फेऱ्या कमी, झडप जास्त उघडी. गाडी हिसके देईपर्यंत मात्र ताणू नये.

याच गाडीचं क्लचचं पेडल नसलेलं एजीएस (ऑटो गिअर शिफ्ट) मॉडेल २४.९० चा आकडा दाखवतं, मॅन्युअलपेक्षा थोडा जास्तच. गिअरबॉक्स तोच, फक्त क्लच दाबणं आणि गिअर बदलणं यंत्राकडे. संगणकाला ओव्हरटेकचा मोह होत नाही; तो गपचूप वरच्या गिअरला जातो. ओव्हरटेक करायची वेळ आली की हाच गुण डोकं फिरवतो, हा भाग वेगळा.

इंजिन जितकं छोटं तितकं बरं, असं मात्र नाही. २००९ साली आलेली टाटा नॅनो आठवा. दोन सिलिंडरचं ६२४ सीसीचं इंजिन, जेमतेम ३५ अश्वशक्ती, वजन ६०० किलो, चारच गिअर आणि प्रमाणित ॲव्हरेज २३.६. अल्टो के१० तिच्यापेक्षा दीडशे किलोने जड, ताकद जवळजवळ दुप्पट, तरी आकडा वरचा. नॅनो ते २०२२ ची ही अल्टो, या मधल्या तेरा वर्षांत इंजिनाच्या आत बरंच बदललं. दर सिलिंडरला पेट्रोल फवारणारे एकाऐवजी दोन इंजेक्टर सिलिंडरच्या झडपांजवळ बसले, त्यामुळे पेट्रोलचा फवारा बारीक झाला. या झडपा कधी उघडायच्या ते वेगानुसार बदलता येऊ लागलं. शिवाय अल्टोला पाचवा गिअर आहे. मारुतीच्याच सेलेरिओमध्ये तर सिग्नलला इंजिन आपोआप बंद होण्याची सोय आहे. चाचणीच्या शहरी भागातला सुमारे तीस टक्के वेळ गाडी जागच्या जागी उभी असते, त्यामुळे या सोयीचा फायदा रस्त्यावर होतो तसा कागदावरही होतो. काही प्रकारांत सेलेरिओचा आकडा २६.६८ पर्यंत जातो.

शहरात हा आकडा कोसळतो त्याला मुख्यतः ब्रेक जबाबदार. ताशी ४० चा वेग घेतलेल्या ९०० किलोच्या गाडीत ५५ किलोज्यूल ऊर्जा साठलेली असते. ब्रेक दाबला की ती सगळी डिस्क आणि ड्रम तापवण्यात जाते. किलोमीटरभर ताशी ४० ने न थांबता जायला दीडशे किलोज्यूल लागतात, म्हणजे तेवढ्या अंतरात तीनदा थांबलात तर खर्च दुप्पट. इथे वजनाला किंमत आहे, आकाराला नाही. हायवेवर उलटं. शंभरच्या वेगाला हवेचा विरोध ऐंशीच्या दीडपटीहून जास्त होतो आणि लागणारी ताकद ९ वरून १५ अश्वशक्तीवर जाते. टपावर सामानाचं कॅरिअर लावून फिरणाऱ्यांनी याचा विचार करावा.

आणि एसी. त्याचा कॉम्प्रेसर दोन-तीन अश्वशक्ती घेतो, गाडी छोटी म्हणून तो सवलत देत नाही. ट्रॅफिकमध्ये ताशी २० ने सरकताना नुसतं पुढे जायला एक अश्वशक्तीही लागत नाही. म्हणजे मे महिन्यात त्या कोंडीत आपण मुख्यतः एसी चालवत असतो, गाडी जोडीला सरकते.

पिकअपचा खरा कस घाटात लागतो. खोपोलीहून लोणावळ्याला जाताना गाडी सुमारे साडेपाचशे मीटर वर चढते. चार-पाच माणसं आणि बॅगा धरून ११०० किलो वर उचलायला ६ मेगाज्यूल लागतात. चौथाच हिस्सा कामी येतो हे लक्षात घेतलं, तर नुसत्या उंचीची किंमत पाऊण लिटर पेट्रोल. ते मिळतं, पण ताकद वेळेवर मिळत नाही. ६७ अश्वशक्ती मिनिटाला ५५०० फेऱ्यांवर आहे. चौथ्या गिअरमध्ये ताशी ४० ने चढताना इंजिन दीड हजाराच्या आसपास फिरत असतं आणि तिथे त्याच्याकडे फार तर १६ अश्वशक्ती असते. उभ्या चढाला, टायर-हवेला आणि एसीला मिळून १८ लागतात. गाडी दम टाकते ती इथे. दुसरा गिअर टाकला की तीन हजार फेऱ्यांवर दुपटीहून जास्त ताकद हाताशी येते. इंजिन ओरडायला लागलं की काहींचा जीव खालीवर होतो. ते त्या आवाजासाठीच बनवलंय. पाय पूर्ण दाबला की बऱ्याच गाड्यांचा संगणक क्षणभर एसीचा कॉम्प्रेसर सोडवतो, तोही हातभार.

उतरताना पेट्रोल वाचावं म्हणून न्यूट्रल करणारे अजून भेटतात. इंजेक्शनच्या गाडीत हे उलटं आहे. गिअर टाकलेला ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की चाकंच इंजिन फिरवतात आणि इंजेक्टर पूर्ण बंद होतात, खर्च शून्य. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू राहायला पेट्रोल पितंच, आणि वर सगळा भार ब्रेकवर येतो. बोर घाटात हे करणं म्हणजे जिवाशी खेळ.

हलकेपणाचीही किंमत आहे. गाड्या आदळवून सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने २०२३ मध्ये अल्टो के१० ला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाचपैकी दोन आणि मुलांसाठी शून्य तारे दिले. ॲव्हरेजच्या गप्पांमध्ये हा आकडा सहसा येत नाही, यायला हवा.

राहिलं इंधन. इथेनॉलच्या लिटरमध्ये २१ मेगाज्यूलच असतात, त्यामुळे वीस टक्के इथेनॉलच्या ई२० मध्ये निव्वळ पेट्रोलपेक्षा सात टक्के कमी ऊर्जा भरते. दहा टक्के मिश्रणाशी तुलना केली तर फरक साडेतीन टक्क्यांचा. इथेनॉलचा ऑक्टेन (दाबाखाली वेळेआधी न पेटण्याचा गुण) जास्त असल्याने त्यासाठी जुळवलेलं इंजिन यातलं थोडं परत मिळवतं. जुन्या गाडीला ते जमत नाही.

सीएनजी अल्टोचा ३३.८५ हा आकडा मात्र भल्याभल्यांना चकवतो. तो किलोमागे आहे, लिटरमागे नाही. एक लिटर पेट्रोल भरतं पाऊण किलो. त्या मापाने पेट्रोल अल्टोही किलोला साडेबत्तीस किलोमीटर देते. सीएनजीच्या किलोत तर पेट्रोलच्या किलोपेक्षा ऊर्जा जास्त असते. म्हणजे ऊर्जेच्या हिशेबाने सीएनजी अल्टो उलट थोडी उधळीच ठरते, कारण तिला गॅसच्या टाकीचं जादा वजन ओढायचं असतं. फायदा पंपावरच्या दरात आहे, आणि धुरात. गॅस इंजिनात हवेची जागा खातो, म्हणून ताकदही ६७ वरून ५७ वर येते. ही दहा अश्वशक्ती शहरात कुणाच्या लक्षातही येत नाही. भरलेल्या गाडीने घाट चढताना मात्र दुसरा गिअर थोडा आधीच टाकावा लागतो.